छबूबाईंनी पारखलेली गाडी

छबूबाई गॅरेजात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी एका ट्रकखाली आडवा होतो. मला त्यांचे फक्त पाय दिसले. अनवाणी, घोट्यापर्यंत धुळीने भरलेले. वरून आवाज आला, "खालचं मानूस वर येतं का? एक इचारायचं हाय."

"एक नट राहिलाय. थांबा," मी म्हणालो.

त्या थांबल्या. नट आवळून, हत्यारं पुसून मी बाहेर आलो, तोवर त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. हातातलं काम अर्धं टाकून उठणारा माणूस त्यांना आवडत नसे, हे मला पुढे कळलं.

साल एकाहत्तर, दिवाळी होऊन गेलेली. मी नगरला माळीवाड्याजवळच्या एका गॅरेजात फिटर होतो. दीना मिस्त्री म्हणत. मिशनच्या कारखान्यात हत्यार धरायला शिकलो, आणि त्यानंतर दुसरं काही धरलं नाही.

छबूबाई तिसगावजवळच्या एका वस्तीवर राहत. पन्नाशीच्या विधवा, सुईण. काम सासूकडून शिकलेल्या. पुढे सरकारने सुईणींचं शिक्षण काढलं तेव्हा चाळिशी उलटलेली असताना तेही घेतलं. मनगटावर पुरुषी घड्याळ असे. कासोट्याच्या लुगड्यावर ते कोणालाही विचित्र वाटावं, पण त्यांना चेष्टा करायची हिंमत कोणाची झालेली मी पाहिली नाही.

त्यांच्याबरोबर दोघे होते. एक काकासाहेब, गावातले वजनदार शेतकरी आणि बैलांचे पारखी. घोडेगावच्या बाजारात त्यांनी हात ठेवलेल्या जोडीचा भाव वाढत असे. दुसरा मच्छिंद्र, तिशीच्या आतला, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवणारा. तो खाली बघत उभा होता.

छबूबाई म्हणाल्या, "गावाला गाडी घ्यायचीय. अडलेल्या बाईला नगरला आनायला. वर्गनी झालीय. देशी घ्यावी का विलायती, तेवढं सांगा. घाटात दगा देनार न्हाई, अशी पायजे."

मग त्यांनी कारण सांगितलं. आदल्या वर्षी मच्छिंद्रची बायको मुक्ता बाळंतपणात अडली. पहिलटकरीण, मूल आडवं. हे घरी सुटणारं नाही हे छबूबाईंनी ओळखलं आणि वेळेवर ओळखलं. एका व्यापाऱ्याने आपली गाडी दिली. करंजीच्या घाटात दुसऱ्या वळणावर ती बंद पडली. चालवणाऱ्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, झाकलं. पुन्हा उघडलं, पुन्हा झाकलं. असे अडीच तास गेले. मग एक ट्रक आला. नगरात पोचेपर्यंत मुक्ता गेली होती, मूलही.

मी विचारलं, "गाडी कुठल्या रंगाची होती?"

"काळी. पाठीमागची काच फुटल्याली."

ती गाडी दुसऱ्या दिवशी ओढून माझ्याकडेच आणली होती. कोणासाठी घाटात गेली होती ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना खरं ते सांगितलं. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. मी नळी सोडवली, तोंडाने फुंकर मारली, परत जोडली. गाडी चालू झाली.

"किती येळ लागला?" छबूबाईंनी विचारलं.

"पाच मिनिटं."

मच्छिंद्र वळून रस्त्यावर गेला. छबूबाईंनी त्याच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काकासाहेब, तुमी बघा. मच्छिंद्रा चालवंल. पर गाडी पसंत करनार मी."

काकासाहेब म्हणाले, "अगं, तुला गाडीतलं काय कळतं?"

"तुमाला बाळंतपनातलं काय कळतं? तरी सात लेकरं झालीच की तुमाला."

काकासाहेब हसले. गाडी छबूबाई पसंत करणार हे तिथे ठरलं.

आता माझं मत. देशी नवी गाडी घ्यायची तर त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. विलायती नवी येतच नव्हती. म्हणजे दोन्ही जुन्याच बघायच्या. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. माझं काम लोखंडाशी होतं, नावाशी नाही. अठ्ठावीस वर्षं मी दोन्ही प्रकारच्या गाड्या उघडत होतो. विलायती गाडीचा नट जिथे बसवावा तिथे बसतो. दार लावलं की एक आवाज येतो. देशी गाडीचं दार लावलं की तीन आवाज येतात, आणि तिसरा कुठून आला ते शोधावं लागतं. मी त्यांना म्हणालो, "विलायती घ्या." मला शंका नव्हती.

विलायती गाडी माझ्या माहितीतली होती. जॉर्ज मास्तरांची. मिशनचे एक साहेब मायदेशी परतताना ती मास्तरांना देऊन गेले होते. अकरा वर्षं तिचं सगळं काम माझ्याच हातचं. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून ते ती विकायला निघाले होते.

मी तिघांना मास्तरांच्या घरी नेलं. गाडीवर पांढरी चादर होती. मास्तरांनी ती घडी घालून काढली, कडेला कड जुळवून.

"अकरा वर्षांत वाटेत एकदाही थांबलेली नाही," मास्तर म्हणाले.

छबूबाईंनी विचारलं, "रोज किती चालती?"

"रोज नाही. रविवारी चर्चला. नाताळात राहुरीला, बहिणीकडे."

काकासाहेबांनी गाडीला एक फेरी मारली. "म्हंजी गोठ्यात बांधून खुराक खाल्लेला बैल. अंगावर माशी ठरत न्हाई. पर नांगराला कवा जुपला का?"

"हा बैल नाही, काकासाहेब," मास्तर म्हणाले.

"वझं वढतंय ते समदं बैलच."

छबूबाई बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या. "मास्तर, आन् थांबली तर?"

"थांबत नाही म्हणालो ना, बाई."

"मानूस बी मरत न्हाई, मास्तर. मरंस्तोर."

मास्तर चादर पुन्हा गाडीवर घालू लागले. मी ते मनावर घेतलं नाही. मला ते बायकांचं बोलणं वाटलं.

देशी गाडी राहुरीला होती. मुळा धरणाच्या कामावर माती-दगडाचे ठेके घेणारे आप्पासाहेब, त्यांची. काम संपत आलं होतं, गाडी काढायची होती. सात वर्षं त्या गाडीने माणसं, पहारी आणि सिमेंटची पोती वाहिली होती. मागचं एक दार सुतळीने बांधलेलं.

"किती वेळा थांबली?" मी विचारलं.

आप्पासाहेब म्हणाले, "मोजलं न्हाई. थांबती, उठती. थांबती, उठती. माझ्यावानीच."

मी दोन्ही गाड्यांची चाचणी एकाच दिवशी, एकाच घाटात, एकाच वजनाने घेतली. मी, मच्छिंद्र, छबूबाई, काकासाहेब आणि वाळूची दोन पोती. आदल्या दिवशी दोन्हींचं तेल-पाणी मीच केलं, म्हणजे एकीवर अन्याय नको. मास्तरांची गाडी घाट असा चढली की मागे बसलेल्या काकासाहेबांना डुलकी लागली. आप्पासाहेबांची गाडी दुसऱ्या वळणावर तापली. वाफ निघाली. मच्छिंद्र पाण्याचा डबा घेऊन धावला. काकासाहेबांनी त्याचा हात धरला.

"घामेजल्या बैलाला पानी पाजतो का, येड्या? वीस मिंटं उभा ऱ्हाऊ दे."

ते बरोबर होतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर तडा जातो. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. बैलांवरून त्यांना जे कळत होतं त्यातलं बरंच गाडीलाही लागू पडत होतं, आणि म्हणूनच पुढे घात झाला.

वर आल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "मावशी, ठरलं. मास्तरांची."

"तुझं ठरलं. माझं न्हाई."

"आता काय ऱ्हायलं? डोळ्यानं बघितलंस न्हवं? ही तापली. ती न्हाई."

"बघितलं."

काकासाहेब म्हणाले, "चाचनी मिस्त्रीची झाली. माझी ऱ्हायली. दोनी गाड्या एकेक दीस आमाला द्या. मिस्त्री नगं."

आप्पासाहेब हो म्हणाले. मास्तर माझ्या शब्दावर हो म्हणाले. कसली चाचणी, हे मी विचारलं नाही. मला गॅरेजात दोन ट्रक उभे होते. विचारायला एक मिनिट लागलं असतं.

बैलबाजारात जोडी घेताना आमच्याकडे एक रीत आहे. बैल मोकळ्या गाडीला जुंपून चालवला तर कोणताही चांगला दिसतो. म्हणून पारखी माणूस गाडीची चाकं दोराने बांधतो, फिरू देत नाही, आणि मग जोडीला हाकतो. जड गाडी फरफटत न्यावी लागते. जो बैल गुडघे टेकूनही ओढतो तो खरा. जो मान फिरवतो तो परत. आणि या रीतीला जोडून दुसरी एक आहे. अशा चाचणीत जनावर मोडलं तर ते चाचणी घेणाऱ्याचं. मालकाला परत करायचं नाही, रडायचं नाही.

चौथ्या दिवशी एका ट्रकच्या मागे दोर बांधून मास्तरांची गाडी गॅरेजात आली. ट्रकमधून काकासाहेब उतरले. चेहरा पडलेला नव्हता. उलट लग्नाला आल्यासारखे होते.

"मिस्त्री, वाघ हाय, वाघ!"

"काय केलंत?"

"चाकं बांधली."

"दोराने?"

"दोरानं कशाला? तिचा बिरेक हाय की. मच्छिंद्रानं हातबिरेक पार वर वढला. आत अकरा मानसं. आन् टेकाडाच्या चढावर हाकली. पन्नास पावलं वढली, मिस्त्री! पन्नास! म्या जल्मात असं जनावर बघितलं न्हाई. मग धूर निघाला."

वास मला बॉनेट न उघडताच आला होता. क्लच प्लेट जळाली होती. इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवणारी ती चकती. तिच्यावरचं अस्तर कोळसा झालं होतं. मी त्यांच्यावर ओरडलो. मच्छिंद्रवर जास्त. तो तरी ट्रॅक्टर चालवत होता.

"मला वाटलं, इंजान भक्कम हाय," तो म्हणाला.

"इंजिन भक्कमच आहे. म्हणून तर प्लेट जळाली."

काकासाहेबांनी माझं ओरडणं संपू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "ओरडतुस कशापायी? रीत हाय. मोडली ती आमची. गाडी आमी घेतली. मास्तरांना कळवा."

मच्छिंद्रच्या तोंडावर समाधान मी बघितलं. त्याला हीच गाडी हवी होती. आता छबूबाईंना विचारायचा प्रश्नच नव्हता.

मास्तरांना घेऊन मीच आलो. त्यांनी सगळं ऐकलं. काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "तुमची रीत बाजारातली आहे. मी गाडी बाजारात आणली नव्हती. दीनाच्या शब्दावर दिली होती. होती तशी करा आणि माझ्या दारात उभी करा. नंतर घ्यायची की नाही ते बोला."

काकासाहेब म्हणाले, "मास्तर, आमी तुमाला बुडवत न्हाई."

"मला माहीत आहे. तरी होती तशी करा."

छबूबाई तेवढ्यात एस्टीने येऊन पोचल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "मास्तरांचं बराबर हाय."

मी गिअरबॉक्स उतरवला. ती प्लेट नगरात नव्हती. पुण्याला माणूस पाठवला, तिथे नव्हती. मुंबईला जुन्या सामानाच्या एका दुकानदाराला पत्र टाकलं. उत्तराची वाट बघत बसणं मला जमणारं नव्हतं. मी जळालेल्या प्लेटचे रिव्हेट छिद्र पाडून काढले. ट्रकच्या प्लेटचं अस्तर आणलं, हॅकसॉने कापलं, कानशीने घासून मापाला आणलं आणि नवीन रिव्हेट ठोकले. सगळं बसवलं. क्लच सुटेना. अस्तर कागदाभर जाड राहिलं होतं. पुन्हा सगळं उतरवलं, पुन्हा घासलं. या कामाला मला तीन दिवस लागले. दुसऱ्या कोणाला पाच लागले असते.

तिन्ही दिवस छबूबाई गॅरेजात येऊन बसल्या. नगरात भाचीकडे उतरल्या होत्या. सकाळी भाकरी बांधून यायच्या, पालथ्या खोक्यावर बसायच्या आणि माझ्या हातांकडे बघायच्या. मला कोणी बघत बसलेलं चालत नाही. त्यांचं चाललं, कारण त्या मध्ये बोलत नसत. हात थांबले की बोलत.

एकदा मी विचारलं, "बाई, कंटाळा येत नाही?"

"बाळंतपनात दुसरं काय करते मी? बसूनच ऱ्हाते. बसायला येत न्हाई ती सुईन न्हवं. माझ्या सासूनं पयली दोन वर्सं मला हात लावू दिला न्हाई. नुस्तं बस म्हनली. कवा उठायचं ते बसून कळतं."

त्यांच्या हातून किती बाळंतपणं झाली ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. गेलेल्या बायांची नावं मात्र सांगितली. पाच होती. शेवटचं मुक्ताचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्लेट बसली. क्लच सुटला, पकडला, पुन्हा सुटला. मी गाडीखाली आडवाच हसलो. बाहेर आलो तर काकासाहेब आणि मच्छिंद्रही आलेले. मच्छिंद्र म्हणाला, "झाली का? मग आता मास्तरांना दाखवू आन् घेऊन जाऊ."

छबूबाईंनी मला विचारलं, "ही पलेट घाटात जळली असती तर?"

"घाटात अशी जळत नाही. हँडब्रेक ओढून कोणी घाट चढत नाही."

"पलेट न्हाई, दुसरं काय बी. ह्या गाडीचं जे काय मोडंल ते नगरात मिळतं का?"

"थोडं मिळतं."

"न्हाई ते?"

"हाताने करावं लागतं."

"कोनाच्या?"

"माझ्या."

"तुमचे हात लई चांगले हायेत, दीनाभाऊ. तीन दीस बघितले. पर ते घाटात न्हाईत."

मग त्या वळल्या. "मच्छिंद्रा, राहुरीची गाडी बी अशीच वढवली का न्हाई तुमी?"

मच्छिंद्रने काकासाहेबांकडे बघितलं. काकासाहेब छपराकडे बघायला लागले.

"काकासाहेब, मी तुमाला इचारते."

"वढवली," काकासाहेब म्हणाले. "आधी तीच वढवली. तीस पावलांत धूर काढला तिनं. वढायला काय दम न्हाई तिच्यात."

मी म्हणालो, "मग ती कुठे आहे? मला का सांगितलं नाही?"

"सांगायचं काय त्यात? त्याच दिशी उठली, म्हंजी मोडली न्हवंच. राहुरीच्या ष्टँडावरच्या पोरांनी नीट केली. शेजारच्या दुकानात पलेट मिळाली."

छबूबाईंनी मनगटावरच्या घड्याळाला हात लावला. "कवा जळली, आन् कवा चालू झाली?"

मच्छिंद्र बोलला. "धा वाजता जळली. तीनला चालू."

"पाच घंटं. आन् ही?"

तीन दिवस त्या समोर बसून होत्या.

मच्छिंद्र एकदम तापला. "मावशी, पर ही थांबतच न्हाई! ती दर म्हैन्याला थांबंल! मुक्ता गाडी थांबली म्हनूनच गेली न्हवं? थांबनारीच गाडी घ्यायची का आपुन पुन्यांदा?"

त्याचा आवाज गॅरेजभर झाला. छबूबाई उठल्या, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"मुक्ता गाडी थांबली म्हनून न्हाई गेली. थांबलेली गाडी कुनाला उठवता आली न्हाई, म्हनून गेली. ऐक. बाळंतपनात रगत जातंच. जानारच न्हाई अशी बाई मी बघितली न्हाई. मी कदी मोजत न्हाई कितींदा गेलं. किती येळात थांबलं, त्यावर बाई जगती. मला थांबनार न्हाई अशी गाडी नगं. तशी नसतीच. जी थांबली तर तुला आन् मला उठवता येईल, ती पायजे. राहुरीची घ्यायची."

मी माझ्या हातांवरचं ग्रीस पुसत होतो. तीन दिवस घालून केलेलं काम माझ्यामागे उभं होतं आणि ते चांगलं होतं. पण त्यांचं खरं होतं. इतकी वर्षं गाड्या उघडून हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी गाडी गॅरेजात बघत होतो, जिथे माझं हत्यार हाताशी असतं.

मी मच्छिंद्रला म्हणालो, "बाईंचं ऐक."

"तुमीच विलायती म्हनाला हुता."

"म्हणालो होतो. मशीन म्हणून अजून म्हणतो. तुमच्या कामाला देशी."

काकासाहेबांना रीत मोडल्याचं वाईट वाटत होतं. छबूबाई त्यांना म्हणाल्या, "रीत मोडत न्हाई. मोडलेलं जनावर तीन दीस दवापानी करून मालकाच्या दावनीला बांधलं. असं कुनी केलंय का तुमच्या बाजारात?" काकासाहेबांना ते पटलं असं नाही, पण बोलायला जागा राहिली नाही.

मास्तरांच्या दारात गाडी मी स्वतः नेली. ते आत बसले, क्लच तीन वेळा दाबला, कान देऊन ऐकलं. "होती तशी आहे," म्हणाले. पुढे ती पुण्याच्या एका डॉक्टरांनी घेतली आणि त्यांच्याकडेही ती उत्तम चालल्याचं मला कळत असे. गाडीत खोट नव्हती, हे इथे लिहून ठेवतो.

राहुरीची गाडी आणल्यावर छबूबाईंनी माझ्याकडून आठ दिवस मागितले. मच्छिंद्रने शिकायचं आणि त्यांनीही. वाटेत होण्यासारखे अकरा बिघाड मी काढले. मी गाडीत मुद्दाम बिघाड करायचो, दोघांनी तो शोधून काढायचा. घड्याळ छबूबाईंकडे. मच्छिंद्र पहिल्या दिवशी एका सैल तारेला पाऊण तास घेऊन बसला. छबूबाई म्हणाल्या, "बाई गेली. पुन्यांदा." दुसऱ्यांदा वीस मिनिटं. "गेली. पुन्यांदा." त्याने हातातला पाना आपटला. त्यांनी तो उचलून त्याच्या हातात दिला. आठव्या दिवशी तीच तार त्याने चार मिनिटांत शोधली, तेव्हाही त्यांनी शाबास म्हटलं नाही. घड्याळाचा हात खाली केला, इतकंच. त्यांचे स्वतःचे हातही काळे झाले होते. प्लग काढून, घासून, परत बसवायला त्या मच्छिंद्रपेक्षा लवकर शिकल्या. बोटांना सवय होती. न दिसणाऱ्या जागी चाचपून कळणं हे त्यांचं रोजचं काम.

ती गाडी पुढे नऊ वर्षं चालली. घाटात ती कितीदा थांबली ते छबूबाईंना पाठ होतं. मी फक्त पहिली वेळ सांगतो, कारण ती माझ्यावर आहे.

बहात्तरचा उन्हाळा. पाऊस आदल्या वर्षीच हुकलेला, रस्त्यावर जागोजाग खडी फोडायची कामं. भीमाबाई नावाची एक बाई खडीवर असतानाच तिला कळा सुरू झाल्या आणि लगोलग रक्त जायला लागलं. छबूबाईंनी तिला गाडीत घातली. भर दुपार. घाटाच्या शेवटच्या चढावर फॅन बेल्ट तुटला. पंखा थांबला, उष्णतेचा काटा लालवर गेला. मच्छिंद्रने गाडी बाजूला घेतली. छबूबाई मागे भीमाबाईला धरून होत्या; त्यांनी वळूनही बघितलं नाही. मच्छिंद्रने डिकीतला दुसरा बेल्ट काढला, हात भाजून घेत चढवला, ताण बघितला. अकरा मिनिटं. भीमाबाई नगरला दवाखान्यात पोचली. बाळ-बाळंतीण दोन्ही वाचली. मुलगी झाली.

हे मला मच्छिंद्रने सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, गॅरेजाच्या दारात. तो हसत होता. मीही हसलो. छबूबाई हसत नव्हत्या. त्यांच्या हातात तुटलेला बेल्ट होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"ह्यो तुमी बघितल्ता?"

"बघितला होता."

"कवा?"

"गाडी तुमच्या ताब्यात दिली तेव्हा."

"मग?"

"कडेला भेग होती. सहा महिने जाईल असं वाटलं."

"वाटलं," त्या म्हणाल्या.

नवीन बेल्ट तेव्हा कपाटात होता. काढायला, बसवायला वीस मिनिटं लागली असती. शनिवारची संध्याकाळ होती, माझी पाठ दुखत होती. देशी गाडी, एवढं चालायचंच, असंही मनात आलं होतं. मास्तरांच्या गाडीत भेग पडलेला बेल्ट मी एक दिवस ठेवला नसता.

"चूक माझी," मी म्हणालो.

"व्हय. आता?"

"गाडी आत घ्या."

मच्छिंद्रने गाडी आत घेतली. हातातलं काम मी दुसऱ्या फिटरकडे दिलं आणि मालकाला सांगितलं की आज मी याच गाडीवर आहे. रबराची प्रत्येक नळी वाकवून बघितली. प्रत्येक तार ओढून बघितली. ब्रेक उघडले, पेट्रोलचा पंप उघडला. दुपारची भाकरी उभ्यानेच खाल्ली. छबूबाई खोक्यावर बसून होत्या.

चार वाजता पाण्याच्या दोन नळ्या, एक तार आणि पंपाचा पडदा मी बाजूला काढून ठेवायला सांगितला. मच्छिंद्रने नळी उजेडात धरली, उलटसुलट केली.

"मिस्त्री, ह्या तर अजून चांगल्या हायेत."

"चांगल्या आहेत," मी म्हणालो. "काढ."